गाडी ढकलायची नाही

पुष्पाताई आकरे यांनी विजेवरची गाडी घेतली ती पर्यावरणासाठी नव्हे, दिरासाठी.

दीर म्हणजे सुनिल. चिखल्यात दोघा भावांची घरं एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना. सुनिलच्या बाजूला चिकूची वाडी आणि अंगणात त्याची डिझेलची जीप. ही जीप सकाळी सुरू झाली की आळीतल्या कोंबड्यांना आपण आरवून गेलो होतो हे विसरायला होतं आणि ते पुन्हा आरवतात. एका सकाळी तळासरीला ऑफिसला जायला पुष्पाताईंना काहीच वाहन मिळेना, म्हणून त्यांनी जीपची चावी मागितली. सुनिल आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “वहिनी, तुला चालवता येईल अशी गाडी अजून निघायची आहे!”

आळी हसली. पुष्पाताई हसल्या नाहीत. त्या तळासरीच्या सागर-डोंगर ग्रामविकास मंडळात हेडक्लार्क. मंडळाच्या अखत्यारीत समुद्र कुठे संपतो आणि डोंगर कुठे सुरू होतो हे मंडळालाही नक्की ठाऊक नाही, पण चुकीचं विधान कागदावर आलं की त्याखाली लाल रेघ मारायची, ही पुष्पाताईंची जुनी सवय. सुनिलच्या बोलण्यातला अपमान त्यांनी नंतर सावकाश मनाला लावून घेतला. आधी त्यांना त्यातली माहितीची चूक दिसली. कारण तशी गाडी निघाली होती. त्यांनी जाहिरातीत पाहिली होती.

शोरूममधल्या मुलानं त्यांना गाडीत बसवून सगळं समजावलं. गाडी रस्ता स्वतः बघते. समोर काही आलं तर ब्रेक स्वतः मारते. रेषेबाहेर जायला लागली तर स्टीअरिंग स्वतः वळवते.

“मग मी काय करायचं?” पुष्पाताईंनी विचारलं.

“तुम्ही फक्त एन्जॉय करायचं, मॅडम.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, नोकरीला जवळपास तितकीच, पण एन्जॉय करायचं काम आजवर त्यांच्यावर कुणी सोपवलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे गाडी नक्की केली. लायसन्स त्यांच्याकडे होतं. तरुणपणी काढलेलं आणि नंतर वेळच्या वेळी, कधीच न वापरता, नूतनीकरण केलेलं.

गाडी आली त्या दिवशी अंगणात आळी जमली. निळी, गुळगुळीत, आणि अगदी गप्प. सुक्या मासळीचा धंदा अजूनही स्वतःच्या हातात ठेवलेल्या सासूबाई, पुतळीबाई, गाडीभोवती प्रदक्षिणा घालून आल्या आणि बॉनेटला कान लावून उभ्या राहिल्या.

“आवाज नाय गं येत हिचा.”

“येतच नाही, सासूबाई. विजेवरची आहे.”

“मग चालू हाय का बंद हाय, कसं कळायचं?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून सासूबाईंनी ते स्वतःच दिलं. “बिघडलेली दिली तुला,” त्या म्हणाल्या आणि बोंबील वळवायला निघून गेल्या.

समोरच्या रूपीला वेगळी काळजी होती. तिचा मोबाईल मागच्या वर्षी उशीखाली चार्जिंगला लावलेला असताना फुटला होता. तो हाताएवढा होता म्हणून एका उशीवर भागलं, ही गाडीएवढी आहे, तर आळीचं काय होईल, असा तिचा साधा त्रैराशिकाचा हिशेब. एकानं सांगितलं की खाऱ्या वाऱ्यात वीज उतरते, गाडीला अनवाणी हात लावू नका. हात अनवाणी कसा असतो हे त्याला कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांनी आधीच हात मागे घेतले होते. पुष्पाताईंचे यजमान नविनराव घोलवडला चिकूच्या पॅकिंग शेडचे मॅनेजर. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये त्यांची जागा कायम ठरलेली असे, ती म्हणजे पाणी आणायला गेलेला माणूस. त्या दिवशीही ते पाणी आणायला गेले.

संध्याकाळी गाडी घरच्या पॉइंटला लावली. घर आजोबांच्या काळातलं, वायरिंग त्याहून थोडं नवं. पुष्पाताईंनी बटण दाबलं आणि आळी अंधारात गेली.

वेळ वाईट होती. मालिकेत खलनायिकेचा मुखवटा नेमका तेव्हाच उतरायचा होता. महिनाभर जिची वाट पाहिली ती गोष्ट रूपीच्या घरात घडलीच नाही. सुनिलच्या वाडीतला पंप अर्ध्या पाटात बंद पडला. तो कुंपणापाशी येऊन म्हणाला, “वहिनी, गाडी तुझी चालत नाही, पण आळी बंद करते बरोबर!”

दुसऱ्या दिवशी डहाणू रोडहून जिग्नेशभाईंना बोलावलं. त्यांचं तिथे विजेच्या सामानाचं दुकान. त्यांनी घरभर फिरून टेस्टर खुपसले, मान हलवली आणि चहाचा कप हातात घेऊन निकाल सांगितला.

“बघा पुष्पाबेन, घर जुना, वायर जुनी, मीटर जुना. फक्त गाडी नवी. कसा जमणार? तुम्हाला खांबावरून नवी लाइन घ्यायला पायजे.”

“मग घेऊ या की.”

“घेऊ या. पण खांब कुठे हाय?”

खांब सुनिलच्या वाडीत होता. लाइन आली असती ती त्याच्या चिकूंवरून. सुनिलनं ठाम नकार दिला. चिकूला करंटची झळ लागली तर फळात चीक राहतो, असं तो म्हणाला. असं कुणी ऐकलं नव्हतं. जिग्नेशभाईंनी सांगून पाहिलं की वायरला रबर असतं. “चिकूला नसतं,” सुनिल म्हणाला. वादात हा मुद्दा निरुत्तर करणारा ठरला.

पुष्पाताईंनी त्याच्याकडे दुसऱ्यांदा शब्द टाकला नाही. त्या दिवसापासून गाडी आगरला रामाच्या बर्फाच्या कारखान्यात चार्ज होऊ लागली. रामा त्यांचा मामेभाऊ. कारखान्यात भरपूर दाबाची वीज, मोठा सॉकेट आणि मोठं मन. संध्याकाळी गाडी तिथे लावायची आणि सकाळी पहिल्या एसटीनं येऊन घेऊन जायची. फक्त ती ज्या शेडमध्ये उभी राही, तिथेच बाजारात जायच्या सुक्या-ओल्या मासळीच्या टोपल्या ठेवलेल्या असत. बर्फाची वाट बघणाऱ्या मासळीवाल्यांना बसायला दुसरी जागा नव्हती, आणि गाडीत तर एसी होता. पुष्पाताईंनी कधी हटकलं नाही. नात्यातल्याच बाया, त्यांना काय सांगणार?

परिणाम पहिल्याच आठवड्यात मंडळात पोचला. कार्यकारी अधिकारी साहेब पोर्चमध्ये थबकून नाक वर करत म्हणाले, “आज मंडळात मासे आलेत का कुणाकडे?”

“नाही साहेब,” पुष्पाताई म्हणाल्या. “माझी गाडी आली आहे.”

साहेबांनी नाक खाली घेतलं नाही. पुष्पाताईंनी मान खाली घेतली नाही.

आता स्वतः चालण्याबद्दल. बोर्डी सोडून झरीवरून तळासरीला जाणारा रस्ता ज्यानं पाहिला आहे त्याला सांगायला नको की त्या रस्त्यावर बरंच काही आहे, फक्त रेषा नाहीत. बिचारी गाडी पडद्यावर दोन करड्या रेघा काढून रोज वाट बघायची. त्या रेघा सापडल्या की हिरव्या व्हायच्या होत्या. झाल्या नाहीत. म्हणून स्टीअरिंगचं काम पुष्पाताईंकडे राहिलं आणि ब्रेकचं काम गाडीनं उचललं. ती कोंबडीला थांबे. बैलाला थांबे. वाळत घातलेल्या बोंबलांच्या सावलीला थांबे. झरीच्या वळणावर एका भावी नेतृत्वाचा वाढदिवसाचा फलक होता, माणसाच्या उंचीचा, हात जोडलेला. त्या हात जोडलेल्या भावी नेतृत्वापुढे गाडी रोज जाता येता आदरानं उभी राहायची. आकरे बाई त्यांच्या पक्षात गेल्या, असं झरीत महिन्याभरात पक्कं झालं. आणि या सगळ्याला कंटाळून पुष्पाताईंनी डोळे मिटले, की पडद्यावर चहाचा कप उमटे आणि एक इंग्रजी बाई सांगे की तुम्ही दमला आहात, थोडी विश्रांती घ्या. ही वाक्यं नविनरावांना आजवर सुचली नव्हती, ती इंग्रजी बाईला सुचली.

सुनिलला हे सगळं वाटेवरच्या लोकांकडून कळत होतंच. “वहिनी, तुझी गाडी कोंबडीला घाबरते म्हणे?”

“घाबरत नाही, भाऊजी. बघते. तुमची जीप बघते का कधी?”

जीपखाली गेलेल्या कोंबड्यांबद्दल आळीत बरंच बोललं जात असे, म्हणून सुनिलनं विषय बदलला.

असं निभत होतं तोवर मे संपता संपता होड्या वर ओढल्या गेल्या, आणि रामानं बर्फाचा कारखाना बंद करून कॉम्प्रेसर दुरुस्तीला काढला. आता घरच्या पॉइंटवर अगदी हलक्या धारेनं, शेजाऱ्यांच्या मालिका संपल्यावर, फ्यूजची परवानगी घेत घेत गाडी भरायची. रात्रभर भरून ती जेमतेम तळासरीला जाऊन परत यायची. मग पुष्पाताईंचं लक्ष मंडळाच्या आवारातल्या त्या निळ्या ताडपत्रीकडे गेलं.

ताडपत्रीखाली चार्जिंग पॉइंट होता. मंडळानंच बसवलेला. उंच, पांढरा, दिवाळीपासून झाकलेला. मंडळाचा ट्रान्सफॉर्मर त्याच आवारात, पॉइंटपर्यंत केबल टाकलेली, फक्त केबलची दोन टोकं जोडायची राहिली होती. पुष्पाताईंनी त्यासाठी टिपण लिहिलं. ते साहेबांकडून ‘चर्चा करावी’ असा शेरा घेऊन परत आलं. चर्चेला गेल्यावर साहेब म्हणाले, “आकरे मॅडम, नैवेद्य दाखवण्याआधी कुणी ताटात हात घालतं का?”

“म्हणजे?”

“उद्घाटनाआधी चार्जिंग केलं तर पॉइंट उष्टा होईल.”

“मग जोडून तरी ठेवू.”

“जोडला की लोक वापरणार.” साहेबांचा तर्क बिनतोड होता. उद्घाटनासाठी पाहुणे हवेत, पाहुण्यांना तारीख हवी, आणि तारखा तीनदा येऊन गेल्या होत्या.

चौथी मात्र आली ती ठरूनच आली. मंडप पडला. घोलवडहून पाहुण्यांना द्यायला चिकूच्या करंड्या मागवल्या, आणि त्या आणण्याचं भाडं सुनिलच्या जीपला मिळालं. एका शोरूमनं पाहुण्यांनी चार्जर जोडून फोटो काढावा म्हणून पांढरीशुभ्र नवी गाडी पाठवायचं कबूल केलं. हायवेपासून मंडपापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडांना चुन्याच्या रेषा मारायचं ठरलं. आदल्या दिवशी साहेबांनी पुष्पाताईंना केबिनमध्ये बोलावलं.

“उद्या तुम्ही गाडी आवारात आणू नका. रिक्षानं या.”

“का, साहेब?”

“पाहुणे शाकाहारी आहेत.”

पुष्पाताई बाहेर आल्या. ताडपत्रीपाशी मंडळाचा वायरमन लहान्या दिव्यांच्या माळा सोडवत बसला होता. त्यांनी त्याला विचारलं, “केबल जोडलीस का रे?”

“नाय ताई. साहेब बोलले उद्यापुरता हिरवा दिवा मंडपाच्या जनरेटरवर लावून दे. कार्यक्रम झाला का परत झाकायचा. जोडायचं दुसऱ्या टप्प्यात.”

“दुसरा टप्पा कधी?”

लहान्यानं आकाशाकडे बघितलं. आदिवासी माणूस तारीख सांगताना आकाशाकडे बघतो असं नाही, पण मंडळात नोकरी लागल्यापासून त्यालाही ती सवय झाली होती.

त्या संध्याकाळी पुष्पाताईंनी काही ठरवलं असं म्हणता येणार नाही. फक्त रिक्षा ठरवली नाही. आणि गाडी नेहमीसारखी फ्यूजशी गोडीगुलाबीनं भरायला लावली. नेमका त्याच रात्री पुरवठा गेला, आणि सकाळी पडद्यावर जेमतेम तळासरीपर्यंतचा आकडा उरला होता. नविनराव म्हणाले, “अगं, सुनिलची जीप चिकू घेऊन तिथेच चालली आहे. बस की त्यात.”

“त्या जीपमध्ये?” पुष्पाताईंनी एवढंच विचारलं. नविनराव पाणी आणायला गेले.

पुष्पाताईंचा विचार साधा होता. गाडी आवारात न्यायची नव्हती, साहेबांनी तसं सांगितलं होतं. फाटकाबाहेर रस्त्यावर ती लावायची, आणि पाहुणे गेले की तिथल्या तिथे सगळ्यांसमोर चार्जिंग मागायचं. नाही म्हणाले तर नाही म्हणताना लोक ऐकतील. एसी बंद, काचा खाली, पदर कमरेला खोचून त्यांनी गाडी हळूहळू आणली. फलकापाशी गाडी आदरानं थांबली. त्यात थोडी वीज गेलीच. हायवे ओलांडून त्या मंडळाच्या रस्त्याला लागल्या, आणि समोर दोन्ही बाजूंना, ताज्या चुन्याच्या, दुधासारख्या पांढऱ्या दोन रेषा.

पडद्यावरच्या करड्या रेघा हिरव्या झाल्या.

हा क्षण ज्यानं पाहिला नाही त्याला त्याचं महत्त्व सांगता येत नाही. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या यंत्राला रस्ता सापडला होता. स्टीअरिंग हातातल्या हातात हलकं झालं, थरथरलं, आणि आपलं आपण वळलं. पुष्पाताईंनी ते आधी घट्ट धरलं. मग, शेतात सोडलेल्या वासराची दोरी सैल करतात तशी, पकड थोडी सैल केली. फाटक जवळ आलं. फाटकाशी डावीकडे घेऊन थांबायचं होतं. पण रेषा थांबत नव्हत्या. त्या फाटकातून आत गेल्या होत्या, छान गोलाई घेऊन मंडपाकडे वळल्या होत्या. गाडी पण वळली. पुष्पाताईंचा पाय ब्रेकवर होता. त्यांनी तो दाबला नाही. का दाबला नाही, हे त्यांनी पुढे खुलाशात लिहिलं आहे: ‘सदर वाहन प्रथमच नियमानुसार चालत असल्याने त्यात व्यत्यय आणणे उचित वाटले नाही.’

आत सूत्रसंचालनाला हर्षदा उभी होती. ती मंडळात पुष्पाताईंच्या शेजारच्याच टेबलावर बसते, पण हातात माईक आला की कुणालाच ओळखत नाही. वळणावरून चकचकीत, बिनआवाजाची गाडी येताना दिसली आणि ती शोरूमचीच असं धरून तिनं सुरुवात केली.

“ज्या क्षणाची आपण चातकासारखी वाट पाहत होतो, तो क्षण आता अवतरतो आहे! भविष्याची चाहूल घेऊन, प्रदूषणविरहित पावलांनी…”

बँड सुरू झाला. तारपा घेऊन उभ्या असलेल्या झिपरूबाबांनी गाल फुगवले आणि नाचणाऱ्यांची साखळी हलली. दोघा शिपायांनी धावत येऊन बॉनेटवर झेंडूचा हार टाकला, तिसऱ्यानं चाकापुढे नारळ फोडला. गाडी शांतपणे, मंत्र्याच्या गाडीला कधी जमणार नाही इतक्या संयमानं, लाल गालिच्यापर्यंत आली. समोर झिपरूबाबांना पाहून तिनं स्वतः ब्रेक मारला. ताडपत्री काढलेला, हार घातलेला चार्जिंग पॉइंट दोन हातांवर होता. मध्ये फक्त लाल फीत. पडद्यावरची इंग्रजी बाई काहीतरी बोलली, पडद्यावर लाल बॅटरी उमटली, आणि गाडी संपली.

मागून शोरूमची पांढरी गाडी आली होती, ती गोलाईवरच अडकली. कडेनं खुर्च्या, बाजूला मंडपाचे बांबू. जायला वाट नव्हती.

साहेब धावत आले. “आकरे मॅडम! गाडी काढा!”

“निघत नाही, साहेब.”

“का निघत नाही?”

“करंट नाही.”

“करंट का नाही?”

“ते आपणच सांगायचं.”

साहेबांच्या हातातला फोन वाजला. पाहुण्यांच्या गाड्यांनी दापचरी सोडली होती. साहेबांचा चेहरा चुन्यासारखा झाला. “ए, चला रे, ढकला!”

पाच-सहाजण बाह्या सावरून पुढे आले. पुष्पाताईंनी काच अर्धी वर घेतली आणि दाराचं कुलूप लावलं. आवाज बारीकच झाला, पण सगळ्यांना ऐकू गेला.

“गाडी ढकलायची नाही.”

“म्हणजे काय?”

“गाडीच्या पुस्तकात लिहिलं आहे. चाकं जमिनीवर ठेवून ओढायची नाही.” पुस्तकात हे खरंच लिहिलं होतं. पुस्तकात आणखीही बरंच काही लिहिलं होतं, पण ते कुणी विचारलं नाही.

आणि तेवढ्यात, ज्याच्यामुळे ही गाडी जन्माला आली असं म्हणायला हरकत नाही, तो माणूस गर्दीतून पुढे आला. चिकूच्या करंड्या उतरवून सुनिल मोकळा झाला होता. खांद्यावर जीपमधला जाड दोरखंड. त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते माणसाला आयुष्यात एक-दोनदाच मिळतं.

“वहिनी, ओढू का? जीप लावतो पुढे.”

मंडप हसला. पुष्पाताईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. त्यांना एकदम समोर दिसलं: पुढे ढुरढुरणारी जीप, मागे हार घातलेली आपली गाडी, दोराच्या टोकाला, हायवेवरून, झरीवरून, फलकातल्या हात जोडलेल्या माणसासमोरून, थेट चिखल्यापर्यंत. मग घरासमोर उभी ती कायमची. मग रोज सकाळी कुंपणापाशी जाऊन जागा आहे का विचारणं. त्यांनी स्टीअरिंगवर दोन्ही हात ठेवले, इंग्रजी बाईला हवे असतात तसे.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “दोर घरी न्या. कपडे वाळत घाला.” मग साहेबांकडे वळून, “साहेब, ही गाडी इथून हलायचा एकच मार्ग आहे. तिला करंट द्या. पॉइंट समोरच आहे.”

“अहो, पण तो जोडलेलाच नाही!” साहेब ओरडले.

हर्षदा माईक घेऊन शेजारीच उभी होती. वाक्य चारही कर्ण्यांमधून आवारभर गेलं, हायवेपर्यंत गेलं. बँड थांबला. झिपरूबाबांनी तारपा तोंडातून काढला. पुढच्या रांगेतल्या सरपंचांनी मागच्या रांगेतल्या सरपंचांकडे पाहिलं. आपण कशाच्या उद्घाटनाला आलो आहोत, हा प्रश्न प्रथमच मंडपात शिरला.

साहेबांनी माईक बाजूला सारला आणि खालच्या पट्टीत म्हणाले, “मॅडम, तुमच्यावर कारवाई होईल.”

“लेखी द्या साहेब. आवकला मीच नोंदवते.”

“तुमची बढती…”

“तिलाही उद्घाटनच लागतं ना? थांबेल ती.” बढती खरंच येऊ घातली होती. पण त्या कुलूप उघडायला हात न नेता तशाच बसून राहिल्या. उन्हात गाडी तापत होती, एसी नव्हता, आणि सुक्या बोंबलाचा वास जसजसा फुलत गेला तसतसं गाडीभोवतीचं वर्तुळ आपोआप मोठं होत गेलं.

पुन्हा फोन वाजला. पाहुणे वळणावर आले होते. साहेबांनी एकदा फाटकाकडे, एकदा गाडीकडे पाहिलं आणि माणूस हरल्यावर खाकरतो तसे ते खाकरले. “लहान्या! केबल जोडायला किती वेळ लागेल?”

“चहा होईल तेवढ्यात, साहेब.”

“मग इतके दिवस का नाही जोडलीस?”

लहान्याला प्रश्नच कळला नाही. “तुम्हीच नको बोलला ना.”

कार्यक्रमासाठी घातलेला नवा सदरा त्यानं काढून खुर्चीवर ठेवला. बनियनवर तो पेटीत वाकला. मंडळाची अख्खी यंत्रणा, सरपंच, बँड, नाचणारे, सगळे श्वास रोखून त्याच्या पाठीकडे बघत राहिले. पॉइंटवर जनरेटरवरचा उसना हिरवा दिवा विझला. क्षणभर काहीच नाही. मग पॉइंटच्या आत गुणगुण सुरू झाली, पडदा उजळला आणि दिवा पुन्हा लागला, पण या वेळी स्वतःच्या जिवावर. टाळ्या कुणी सुरू केल्या कळलं नाही. सगळ्यात मोठ्यानं पाठीमागून चिकू खाणारे रिक्षावाले वाजवत होते.

पुष्पाताईंनी कुलूप उघडलं, त्या उतरल्या. पदर सोडून नीट केला. फितीखालून वाकून पलीकडे गेल्या, जाड केबल दोन्ही हातांनी उचलून आणली आणि गाडीला जोडली. फीत तशीच राहिली. तिचा मान पाहुण्यांचा होता. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

पाहुणे आले तेव्हा मंडपासमोर हार घातलेली निळी गाडी शांतपणे वीज पीत होती. त्यांना वाटलं, व्यवस्था अशीच आहे. त्यांनी फीत कापली, गाडीजवळ उभं राहून फोटो काढला, नाकाला रुमाल लावून किनारपट्टीच्या विकासाचं कौतुक केलं, आणि भाषणात सांगितलं की उद्याच्या गाड्यांना ड्रायव्हरच लागणार नाही. मागे उभ्या असलेल्या त्यांच्या ड्रायव्हरनं टाळी अर्ध्यात थांबवली. उतरताना त्यांनी पुष्पाताईंना विचारलं, “ही गाडी आपलं आपण मंडपापर्यंत आली म्हणे?”

“हो, सर. रेषा कुणी मारल्याच नव्हत्या आजवर.”

पाहुणे हसले. साहेबांनीही हसल्यासारखं केलं, आणि दुपारी खुलासा मागणारं पत्र टेबलावर पाठवलं. पुष्पाताईंनी ते आवक नोंदवहीत चढवलं, त्याला क्रमांक दिला, आणि खालच्या ‘तात्काळ’ला लाल रेघ मारून वर ‘तत्काळ’ असं लिहिलं. ताडपत्रीची घडी लहान्यानं केव्हाच करून स्टोअरमध्ये टाकली होती. झाकायचा कसा? पॉइंटपाशी आता तलाठ्याची स्कूटर आणि कुणाची तरी विजेवरची रिक्षा नंबर लावून उभ्या होत्या.

संध्याकाळी पुष्पाताई गाडी काढायला आल्या तेव्हा सुनिल तिथेच रेंगाळत होता. रिकाम्या करंड्या न्यायच्या म्हणून थांबलो, असं तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं उघड्या दारातून पहिल्यांदाच गाडीच्या आत डोकावून पाहिलं. पडदा पाहिला, सीट चाचपली, मग त्याची नजर गिअरच्या मधल्या गोल खुंटीवर थांबली. डिझेलचा असला तरी तो ड्रायव्हर होता.

“वहिनी,” तो हळूच म्हणाला, “हा एन म्हणजे न्यूट्रलच ना?”

“न्यूट्रलच.”

“बॅटरी संपली तरी लागतो?”

“लागतो.”

“म्हणजे सकाळी ढकलता आली असती की गाडी! दोघांनी ढकलली असती तरी गेली असती!”

पुष्पाताईंनी पट्टा लावला, आरसा आपल्या उंचीला आणला आणि खुंटी पुढे फिरवली.

“गाडीला न्यूट्रल आहे, भाऊजी,” त्या म्हणाल्या. “मला नाही.”